समुद्रापारची जीभ आणि पाड्यावरची बोली

मराठीत 'जीभ' वेगळी आणि 'भाषा' वेगळी. इंग्रजीत मात्र तोंडातल्या अवयवाला आणि बोलण्याच्या साधनाला एकच शब्द चालतो. या एका शब्दाच्या दुहेरी अर्थावर गयाना देशाच्या एका कवयित्रीने भाषा हरवण्याची आणि पुन्हा गवसण्याची एक अगदी छोटी कविता लिहिली आहे. कवयित्रीचे नाव ग्रेस निकोल्स. १९८३ साली तिचा पहिला संग्रह निघाला, त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला, आणि ही कविता त्या संग्रहाच्या अगदी शेवटी आहे. इंग्रजी विभागात राष्ट्रकुलातील साहित्य शिकवताना मी ती दरवर्षी फळ्यावर लिहितो. लिहायला दोन मिनिटे लागतात. समजावून सांगायला मात्र दोन तासिका पुरत नाहीत, कारण ती समजण्यासाठी आधी एका मोठ्या पापाचा इतिहास सांगावा लागतो.

गयाना हा देश नकाशावर दक्षिण अमेरिकेच्या अंगाला चिकटलेला आहे, पण इतिहासाने आणि बोलण्याचालण्याने तो कॅरिबियन बेटांच्या घरातला. (क्रिकेटप्रेमी विद्यार्थ्यांना क्लाइव्ह लॉइड आणि शिवनारायण चंद्रपॉल ही नावे सांगितली की ओळख लगेच पटते.) युरोपातल्या लोकांनी तिथे उसाचे मळे घातले आणि त्या मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून माणसे गुलाम करून नेली. एका मळ्यावर एकाच भाषेची माणसे एकत्र येऊ नयेत, आली तर ती आपसात मसलत करतील, अशी मालकांना धास्ती असे. आईची भाषा मुलाला देण्याची सोयच उरली नाही. मुकादमाच्या तोंडची इंग्रजी कानांवर पडे, ती प्रत्येक जण आपल्या मूळ भाषेच्या वळणाने बोले. १८३८ मध्ये ब्रिटिश वसाहतींतील गुलाम पुरते मोकळे झाले, आणि त्याच वर्षी आपल्या देशातून करारबद्ध मजुरांची पहिली जहाजे गयानाला लागली. ते येणे १९१७ पर्यंत चालू होते. ही माणसे बहुतांशी उत्तर हिंदुस्थानातली, भोजपुरी-अवधी बोलणारी. त्यांचेही शब्द त्या मिश्रणात पडले. या सगळ्यातून जी बोली तयार झाली तिला क्रिओल म्हणतात. शिकलेली माणसे तिला बराच काळ 'मोडकी इंग्रजी' म्हणत आली.

ग्रेस निकोल्सचा जन्म १९५० चा. गयानात शिक्षिका आणि पत्रकार म्हणून काम करून ती १९७७ मध्ये ब्रिटनला गेली. म्हणजे समुद्र दोनदा ओलांडला गेला. एकदा पूर्वजांनी बेड्यांमध्ये, आणि दुसऱ्यांदा तिने स्वतःच्या इच्छेने, ज्यांची भाषा आपल्यावर लादली गेली त्यांच्याच घरी. तिथे बसून तिने प्रमाण इंग्रजीतही लिहिले आणि क्रिओलमध्येही. पुष्कळदा एकाच कवितेत ती एकीतून दुसरीत जाते. तिच्या कवितेत तक्रार आहे, पण रडगाणे नाही. हरवले त्याचा हिशेब ती चोख मांडते आणि उरले त्यावर संसार थाटते. २०२१ साली ब्रिटनच्या राणीचे काव्यासाठीचे सुवर्णपदक तिला जाहीर झाले, ही गोष्ट त्या 'मोडक्या' बोलीच्या दृष्टीने लहान नाही.

ही वाट तिच्या आधी काहींनी पाडली होती. जमेकाच्या लुईस बेनेट या कवयित्रीने १९४० च्या दशकापासून रस्त्यावरच्या बोलीत कविता लिहिल्या. लोकांना त्या तोंडपाठ होत्या, पण साहित्यिक मंडळी तिला कित्येक वर्षे कवी न मानता करमणूक करणारी बाई मानत. बार्बाडोसचे कवी कामाऊ ब्रेथवेट यांनी १९८४ साली छापलेल्या एका व्याख्यानात या बोलीला स्वतंत्र राष्ट्राच्या भाषेचा मान दिला. त्यांचा एक मुद्दा मला आपल्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. ते म्हणतात त्याचा मथितार्थ असा, की आमच्या बेटांवर वादळे येतात, घरांची छपरे उडतात, पण शाळेतले मूल निबंध लिहायला बसले की त्याच्या लेखणीतून बर्फ पडू लागतो. बर्फ त्याने जन्मात पाहिलेला नाही. पण बर्फाला पुस्तकात शब्द आहेत, वादळाला नाहीत.

गेल्या वर्षी हे सांगून झाल्यावर तलासरी तालुक्यातील एक विद्यार्थी उभा राहिला. वारली समाजातला, एरवी मागच्या बाकावर बसणारा. तो म्हणाला, "सर, त्यांनी समुद्र ओलांडला म्हणून त्यांची भाषा गेली. आम्ही तर जिथे होतो तिथेच आहोत. मग आमची का चालली?"

या प्रश्नाला तासिकेत उत्तर देता आले नाही, आणि ते तसे देण्यासारखेही नव्हते. पुढील मजकूर म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

प्रथम एक गोष्ट. 'जिथे होतो तिथेच' हे पूर्ण खरे नाही. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत माणूस हलला नाही तरी त्याच्या पायाखालची जमीन पुष्कळ वेळा हलली. आज गुजरातेत असलेला उंबरगाव तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा तो बहुतांशी पलीकडे गेला आणि जो भाग अलीकडे राहिला तो तलासरीत आला. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, पण ती रेघ निदान भाषेवरून गेलेली नव्हती. १९६० ची रेघ भाषेसाठीच ओढली गेली, आणि ज्यांची भाषा धड या बाजूची नाही आणि धड त्या बाजूची नाही अशा लोकांच्या अंगणातून गेली. अच्छाडच्या नाक्यापलीकडे दिलेली लेक आणि अलीकडे राहिलेला भाऊ घरी एकच बोली बोलतात. पण तिची मुले शाळेत गुजराती अक्षरे गिरवतात आणि त्याची मुले मराठी. मामाला भाच्याचे पत्र वाचता येत नाही, अशी घरे आपल्याकडे आहेत.

आणि ही बोली कोणाची, हे ठरवण्याचा उद्योगही इतरांनीच केला. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, त्यात वारलीला कोकणातल्या मराठी बोलींच्या रांगेत बसवले आहे. २०११ च्या जनगणनेचे भाषांचे तक्ते उघडावेत तर तीच वारली 'भिली' या गटाच्या पोटात सापडते. एकाने मराठीची मुलगी ठरवली, दुसऱ्याने भिलीची. राज्यातील वारलींची संख्या त्या जनगणनेत आठ लाखांच्या घरात आहे. इतक्या लोकांना, तुमच्या भाषेचे गोत्र काय, असे बोलावून विचारल्याचे काही दिसत नाही. शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणाला त्यांची कारणे असतात, त्याबद्दल वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. परंतु शाळेत त्याचा परिणाम असा होतो की, मराठीचीच बोली म्हणावी तर ती 'अशुद्ध मराठी' ठरते, आणि वेगळी भाषा म्हणावी तर तिला वर्गात जागाच नसते. गयानातल्या क्रिओलची अडचण नेमकी हीच होती. इंग्रजीच्या इतकी जवळ, की तिला चूक म्हणणे सोपे.

आता जमिनीकडे वळू, कारण या भागात जीभ आणि जमीन एकदमच गेली. सावकार, जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदार यांनी वारलींच्या जमिनी कशा घेतल्या हे १९३८-३९ मधील सिमिंग्टन यांच्या सरकारी अहवालात नोंदले गेले आहे. वेठ होती. लग्नासाठी कर्ज काढले म्हणून नवरा-बायकोने वर्षानुवर्षे सावकाराकडे राबायचे, त्याला 'लग्नगडी' म्हणत. या सगळ्याच्या मुळाशी कागद होता. कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला कळत नसे. अक्षर कळत नसे आणि वाचून दाखवले तरी त्यातली कचेरीची भाषा कळत नसे. उसाच्या मळ्यावर भाषा चाबकाने गेली. इथे पुष्कळ ठिकाणी ती शाईने गेली.

मग १९४५ साल उजाडले. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, मे महिन्यात झरीला वारलींची परिषद भरली, आणि वेठ करायची नाही हे ठरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांचे नाव या लढ्याशी कायमचे जोडले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. गोदावरीबाई पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर. त्यांनी हा सारा इतिहास 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात १९७० साली लिहिला आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या ग्रंथालयात त्याच्या प्रती आहेत; त्या परीक्षेपुरत्या न नेता सबंध वाचाव्यात असे सुचवावेसे वाटते. मराठीत 'वाचा फुटणे' असा एक फार सुंदर वाक्प्रचार आहे. अन्यायाला वाचा फुटली असे आपण सहज म्हणून जातो. झरीला ती अक्षरशः फुटली, आणि ती ज्या बोलीत फुटली तिला त्या दिवशी कोणी अशुद्ध म्हटल्याचे ऐकिवात नाही.

याच वर्षी, १९४५ मध्ये, डहाणू तालुक्यात बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते पुढे कोसबादच्या टेकडीवर गेले. 'अंगणवाडी' ही आज देशभर रुळलेली कल्पना त्यांच्या कामातून आली, हे पुष्कळांना ठाऊक असते. 'कुरणशाळा' मात्र तेवढी ठाऊक नसते. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तेव्हा शाळाच कुरणावर न्यावी, असा तो विचार. मुलाला शाळेच्या वेळेत बसवण्याऐवजी शाळेला मुलाच्या दिवसात बसवायचे. एवढे मोठे पाऊल पडल्यावर पुढचे पाऊल, म्हणजे पाठ्यपुस्तकाला मुलाच्या तोंडात बसवण्याचे, सर्वत्र पडायला हवे होते. ते काही ठिकाणी तेथील शिक्षकांच्या आवडीने पडले, बाकी ठिकाणी राहून गेले. माझ्या ओळखीची एक विद्यार्थिनी सांगते की, पहिलीत असताना बाईंनी विचारलेले तिला कळत असे, उत्तरही येत असे. पण उत्तर घरच्या शब्दांत दिले की वर्ग हसे. म्हणून ती बोलेनाशी झाली. तिच्या प्रगतिपुस्तकात शेरा होता, 'अबोल आहे'.

या ठिकाणी मला जिव्या सोमा म्हसे यांची आठवण होते. त्यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातील धामणगावचा. पुढचे आयुष्य डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात गेले. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्याने मुलगा बोलेनासा झाला, काही सांगायचे असेल तर मातीत रेघा ओढून सांगू लागला, असे त्यांच्याबद्दल सांगतात. जीभ गेली आणि तिच्या जागी रेघ आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार इकडच्या पाड्यांवर हिंडत होते, त्यांच्या नजरेस हा माणूस पडला. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले, तोवर वारली चित्र जगभर पोचलेले होते.

पण ते चित्र मुळात काय होते? वारली घरात लग्न असले की कुडाच्या, शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक घालतात. हे काम सवाशिणींचे. चौकात पालघट देवी असते, तिच्याभोवती झाडे, माणसे, नाचणाऱ्यांची तारप्याभोवतीची फिरकी. आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक बाई. तिची गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. या समाजाचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे, ती अशी की, वारली माणूस चौक 'काढला' म्हणत नाही, चौक 'लिहिला' म्हणतो. ज्यांना आपण निरक्षर म्हणत आलो त्यांच्या भाषेत लिहिणे हे क्रियापद होते, आणि ते बायकांच्या हातात होते.

चौक आणि धवलेरीचे गाणे या एकाच विधीच्या दोन बाजू. त्यातली एक बाजू कागदावर उतरली, कापडावर उतरली, चहाच्या कपांवर, साड्यांवर आणि विमानतळांच्या भिंतींवरही गेली. दुसरी पाड्यावरच राहिली. याचे कारण शोधायला फार खोल जावे लागत नाही. चित्र विकत घेणाऱ्याला ते समजावे लागत नाही. भाषा समजून घ्यावी लागते आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो. मुंबईच्या दुकानात वारली चित्र घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ते घालताना काय गायले होते असे विचारण्याची गरज वाटत नाही. ज्या मुलीच्या आजीच्या हातच्या चौकाला आपण सभागृहात टाळ्या वाजवतो, त्याच मुलीच्या वहीतल्या आजीच्या शब्दाखाली आपण लाल रेघ मारतो. हे दोन्ही एकाच संस्थेत, एकाच दिवशीही घडू शकते. मला ही सर्वांत बोचणारी विसंगती वाटते.

ब्रेथवेट यांच्या बर्फाची गोष्ट इथे पुन्हा सांगायला हवी. वार्षिक अंकासाठी येणारे साहित्य मी काही वर्षे वाचतो आहे. त्यात हिमालयाची शिखरे येतात, राजहंस येतात, गुलमोहराखाली प्रियकराची वाट पाहणे तर हटकून येते. ज्यांच्या घरची माणसे पावसाळ्यात चिखलात आवणी करतात आणि भात झोडून झाले की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर मुलाबाळांसकट जातात, त्यांच्या कवितेत ना आवणी असते ना वीटभट्टी. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेही आहे. समुद्र ओलांडला नसेल, पण दरवर्षी सहा महिने पाडा सुटतो आणि मूल भट्टीवर हिंदी, गुजराती, मराठी अशा तिहेरी गलक्यात वाढते. हेही स्थलांतरच. फक्त त्याला पारपत्र लागत नाही, म्हणून ते कोणाच्या काव्यसंग्रहाच्या मलपृष्ठावर लिहिले जात नाही.

असो. आपल्याकडे ग्रेस निकोल्सच्या जातकुळीचा कवी कोण, असे कोणी विचारले तर मी वाहरू सोनवणे यांचे नाव घेईन. ते वारली नव्हेत. शहादा भागातले भिल्ल, श्रमिक संघटनेच्या चळवळीतून आलेले कार्यकर्ते. 'गोधड' हा त्यांचा संग्रह १९८७ चा. ते भिली बोलीतही लिहितात आणि मराठीतही, आणि दोन्हींत त्यांचा आवाज एकच राहतो. आपल्याशी त्यांचा संबंध असा की, १९९० मध्ये आदिवासी साहित्य संमेलन पालघरला भरले त्याचे ते अध्यक्ष होते. त्या भाषणातला त्यांचा मुख्य विचार थोडक्यात असा होता: छापलेले तेवढेच साहित्य हे मापच आदिवासींना लागू पडत नाही, गाणी, कथा, विधी यांतून जे पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आले तेही साहित्यच आहे, आणि ते एका लेखकाचे नसून समूहाचे आहे. या मापाने पाहिले तर धवलेरी ही कवयित्री ठरते, घांगळीवर कणसरीची कथा रात्रभर गाणारा माणूस महाकवी ठरतो, आणि डहाणू-तलासरी हे दोन मागास तालुके साहित्याच्या दृष्टीने सधन ठरतात.

वाहरूंच्या 'स्टेज' या प्रसिद्ध कवितेचा विषय अगदी साधा आहे. आदिवासींच्या नावाने व्यासपीठ उभे राहते, आणि त्यावर बसून त्यांची दुःखे दुसरेच लोक सांगतात. ही कविता मी वर्गात शिकवतो तेव्हा व्यासपीठावर मीच उभा असतो, याची जाणीव मला असते. मी वारली नाही. मी किनाऱ्यावरचा, माझी आजी वाडवळी बोले, आई वाडवळी आणि मराठी दोन्ही बोले, मी मराठी बोलतो आणि वाडवळी कळते असे म्हणतो. ग्रिअर्सनच्या त्याच खंडात वारलीच्या शेजारी वाडवळीही आहे. तीन पिढ्यांत एक बोली घराबाहेर जाते, आणि त्यासाठी कोणी साखळदंड आणावे लागत नाहीत. 'नीट बोल' एवढे दोन शब्द रोज म्हटले की पुरते. वारलींचे दुःख सांगण्याचा अधिकार मला नसेल, पण हे दोन शब्द काय करतात एवढे मी घरचे म्हणून सांगू शकतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आदिवासी पालकांकडूनच येतो, म्हणून त्याला उडवून लावता येत नाही. ते म्हणतात, आमच्या मुलांना आमची बोली येतेच, तुम्ही त्यांना मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा. बोलीने पोट भरत नाही. हे खरे आहे. सातबारा मराठीत आहे, ग्रामसभेचे इतिवृत्त मराठीत आहे, कारखान्याच्या दारावर हिंदी आहे आणि मुलाखतीला इंग्रजी. अंगठा घेणारा कागद ज्या भाषेत होता ती भाषा हाती आल्याशिवाय तो कागद उलटवता येत नाही. मराठीकडे पाठ फिरवा असे सांगणारा माणूस बहुधा स्वतः मराठीवर पगार घेत असतो.

परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याचेच उदाहरण घ्या. त्यात दाव्याच्या पुराव्यांमध्ये गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदनही धरले जाते. म्हणजे काय होते, तर एक म्हातारा माणूस आपल्या बोलीत सांगतो की, अमुक झाडापासून तमुक ओहोळापर्यंत आमचा बाप नाचणी करत असे. आणि समोर बसलेला शिकलेला मुलगा ते मराठीत लिहितो. जमिनीच्या उताराला, ओहोळाच्या वळणाला, पडीक ठेवलेल्या आणि राब भाजलेल्या तुकड्याला म्हाताऱ्याकडे नेमके शब्द असतात. लिहिणाऱ्याला ते कळले तर हद्द कागदावर बरोबर उतरते. ते नुसते 'जागा' आणि 'शेत' असे लिहिले गेले तर हद्द पुसट होते. इथे बोली ही आठवणींची शोभेची पेटी नाही, ती साक्ष आहे. दोन्ही भाषा येणारा मुलगाच तो दावा नीट लिहू शकतो. एक गेली की दुसरी अर्धीच कामाची राहते.

ग्रेस निकोल्सची परिस्थिती आणि आपली यांत फरकही मोठा आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. क्रिओलमधली कविता इंग्रजी वाचणाऱ्याला थोड्या प्रयत्नाने समजते, आणि इंग्रजी वाचणारे जगभर आहेत. तिला लंडनमध्ये प्रकाशक मिळाला. वारलीतली कविता वाचणारा ग्राहक कोठे आहे? तिला देवनागरी पुरते का, दीर्घ-ऱ्हस्व कसे लिहावे, यावरच एकमत नाही. गोंड समाजातून आलेले कवी भुजंग मेश्राम यांनी एक मार्ग दाखवला होता. १९९० मध्ये त्यांचा 'उलगुलान' आला; त्यांनी मराठी कवितेतच गोंडीसारख्या आदिवासी भाषांचे शब्द ताठ मानेने आणून बसवले. २००७ मध्ये ते अकाली गेले. तो मार्ग अजून मोकळा आहे आणि त्यावर फार गर्दी झालेली नाही. मला स्वतःला तो आपल्या विद्यार्थ्यांसाठी सर्वांत जवळचा वाटतो. मराठी वाक्यात आपला शब्द ठेवायचा, आणि त्याच्याबद्दल माफी मागायची नाही.

यंदा अंकासाठी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने सहा ओळींची कविता दिली आहे. तीत भट्टीवरून परत आल्यावर बंद घराचे दार उघडल्याचा प्रसंग आहे. पाच ओळी मराठीत आहेत. सहाव्या ओळीत आजीचा एक शब्द आहे, बंद घरात सहा महिने साठलेल्या वासासाठीचा. संपादक मंडळाच्या बैठकीत या शब्दाला तळटीप द्यावी की नाही यावर अर्धा तास चर्चा झाली. दोघांचे म्हणणे पडले की द्यावी, नाहीतर वाचक अडेल. तिला बोलावून विचारले. ती म्हणाली, "अडू द्या ना सर. पुस्तकातल्या किती शब्दांना आम्ही अडलो." मग तळटीप न देण्याचे ठरले. शब्द मी इथे देत नाही. कविता याच अंकात आहे.